घरचा स्कोन, पण मोजून

पंढरपुरात चहाबरोबर खारी, टोस्ट किंवा बटर ठरलेले. त्यात कोणते तूप, किती मैदा आणि किती मीठ आहे, हे खाणाऱ्याला कळत नाही. घरी भाजले तर ते सगळे आपल्या हातात राहते. नवशिक्यासाठी स्कोन हा त्यातला सोपा पदार्थ. यीस्ट नको, अंडे नको, पीठ फुगायची वाट पाहणे नको.

स्कोन मूळचा स्कॉटलंडचा. तिथे पूर्वी ओट किंवा जवाच्या पिठाचा जाड गोल तव्यावर भाजून त्याचे त्रिकोणी तुकडे करत. म्हणजे आपल्या भाकरीचा दूरचा भाऊबंदच. पुढे बेकिंग पावडरमुळे तो हलका झाला. ही पावडर १८४३ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने तयार केली. त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. पावडरीत खाण्याचा सोडा आणि कोरडे आम्ल असते. दोन्ही ओले झाले की कार्बन डायऑक्साइड वायू निघतो आणि पीठ फुगते.

आठ स्कोनसाठी १७० ग्रॅम कणीक, ८० ग्रॅम ज्वारीचे पीठ, दोन सपाट चहाचे चमचे बेकिंग पावडर आणि दोन मोठे चमचे साखर एकत्र चाळावी. चाळणीत उरलेला कोंडा परत पिठात मिसळावा. ५० ग्रॅम बिनमिठाचे गार लोणी शंकरपाळ्यांना मोहन चोळतात तसे चोळावे. मग साधारण १५० मिलिलिटर गार दूध लागेल तसे घालून जेमतेम गोळा करावा. मळू नये. मळल्याने गव्हातील ग्लुटेनचे धागे ताणले जातात आणि स्कोन वातड होतो. एक इंच जाड थापून आठ तुकडे करावेत आणि आधीच २२० अंश सेल्सिअसला तापवलेल्या ओव्हनमध्ये सोनेरी होईपर्यंत, म्हणजे १५ ते १८ मिनिटे भाजावेत.

शेजारच्या मंगळवेढ्याची ज्वारी प्रसिद्ध आहे, पण ज्वारीत ग्लुटेन नसते. नुसत्या ज्वारीचा स्कोन भुगा होतो, म्हणून ती एक तृतीयांशच घ्यावी. मैद्याच्या तुलनेत कणकेत तंतुमय पदार्थ जवळपास चौपट असतात. मात्र गव्हाचे वावडे असलेल्या सीलिएक रुग्णांना हा स्कोन चालणार नाही.

आता पथ्याचा हिशेब. या प्रमाणात एका स्कोनमधून अंदाजे १८० कॅलरी मिळतात, म्हणजे जवळपास दीड चपात्या. मधुमेह असलेल्यांनी तो जेवणावर जादा न घेता चपातीच्या जागी धरावा आणि जॅम टाळावा.

रक्तदाब असलेल्यांनी सोड्याकडे लक्ष द्यावे. एका चहाच्या चमचाभर खाण्याच्या सोड्यात सुमारे १,२५० मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसभरात २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे. बेकिंग पावडरीत सोडियम तुलनेने कमी असते, तरी 'जास्त फुगेल' म्हणून चमचा वाढवू नये. वरून मीठही नको.

लोण्याऐवजी स्वस्त पडते म्हणून वनस्पती तूप वापरू नये. त्यातील ट्रान्स फॅट हृदयाला घातक ठरते. २०२२ पासून भारतात तेला-तुपातील ट्रान्स फॅटला २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण वनस्पतीतील संपृक्त मेद त्याने कमी होत नाही. लोण्यातही संपृक्त मेद असतोच, म्हणून ५० ग्रॅमच्या पुढे जाऊ नये.

कच्चा गोळा मुलांना चाखायला देऊ नये. न भाजलेल्या पिठात जंतू असू शकतात.

पहिला घाणा थोडा बसका आला तरी बिघडत नाही, चवीला तो चांगलाच लागतो. फक्त एका वेळी एकच खावा आणि उरलेले घरात वाटून टाकावेत.