फाइल वाचली, पण वाचता येते का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. म्हणून काही कोणाचा संगणक बंद पडला नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या मोफत येत होत्या, त्या थांबल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय लागते, ती पुष्कळ जुन्या यंत्रांत नाही. मग कोणी नवा संगणक घेतो, कोणी जुन्यावरच लिनक्स टाकतो. दोघांचाही प्रश्न एकच असतो: माझं आजवरचं लिखाण, फोटो, हिशेब, यांचं काय?

आपल्या भाषेत 'वाचणे' या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. संकटातून वाचणे आणि पुस्तक वाचणे. संगणकावरचा मजकूर दोन्ही अर्थांनी वाचला पाहिजे. आपण पहिल्याची काळजी करतो आणि दुसरा विसरतो.

पहिला अर्थ आधी घेऊ. सगळं एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घ्या आणि महत्त्वाचं तेवढं आणखी एका ठिकाणी ठेवा. 'डॉक्युमेंट्स' फोल्डर उचललं की झालं, असं नाही. डेस्कटॉपवर, डाउनलोड्समध्ये, ब्राउझरच्या बुकमार्क्समध्ये आणि साठवलेल्या पासवर्डांमध्येही आपला संसार पसरलेला असतो. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. मग ती हार्ड डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडा आणि फायली उघडून बघा. न उघडलेली प्रत शाबूत आहे असं आपण नुसतं मानतो. त्याला ज्ञान म्हणत नाहीत, श्रद्धा म्हणतात!

आता दुसरा अर्थ. इथे मराठी माणसाची खास अडचण आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण श्री-लिपी, आकृती अशा प्रणालींच्या फॉन्टमध्ये टाइप करत होतो. त्या फायलींत बहुधा मराठी अक्षरं नसतातच. असतात ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची सांकेतिक स्थानं. त्यांवर देवनागरीचं रूप चढवतो तो फॉन्ट. फायली नव्या संगणकावर नेल्या आणि फॉन्ट मागे राहिला, की पडद्यावर नुसती अगम्य चिन्हं दिसतात. फाइल जशीच्या तशी आहे, एक बिटही हरवलेला नाही, तरी मजकूर गेला. अरिस्टॉटल द्रव्य आणि आकार असा भेद करतो ना, तसंच काहीसं: द्रव्य आलं, आकार राहिला.

युनिकोडचं तसं नाही. तिथे 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे, दशमान पद्धतीत २३२५. फॉन्ट कोणताही घ्या, क तो क च राहतो. तेव्हा जुना संगणक चालू आहे तोवरच जुने मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी, म्हणून परिवर्तकही त्या त्या फॉन्टचा लागतो. जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांखालून घाला. चुका तिथेच होतात. ताळा करायला मूळ पानांची पीडीएफ ठेवा आणि मूळ फायलीही टाकू नका.

लिनक्सकडे जायचं असेल, तर उडी मारायच्या आधी पाणी बघता येतं. उबुंटू किंवा लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता चालवून पाहता येतं. मात्र असा पेन ड्राइव्ह तयार करताना त्यावरचं सगळं पुसलं जातं, म्हणून त्यासाठी रिकामाच घ्या. वायफाय, प्रिंटर, मराठी कळफलक चालतात का बघा. आपल्या वर्डच्या फायली लिबरऑफिसमध्ये उघडा; मजकूर येतो, पण मांडणी थोडी हलू शकते.

जुनी डिस्क पुसायची ती सगळ्यात शेवटी. इन्स्टॉल करताना 'डिस्क पुसून टाकू का?' असा प्रश्न येतो. 'हो' म्हणण्यापूर्वी स्वतःला विचारा, माझी प्रत मी दुसऱ्या यंत्रावर उघडून वाचली आहे का? उत्तर 'असेल बहुतेक' असं आलं, तर त्या दिवशी थांबा.