स्कॅन केलेला जीआर कोण वाचणार?

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. पुढे सरकारी कामे भराभर ऑनलाइन झाली. पण याच जिल्ह्यातल्या धानोऱ्यात एखाद्या अंध विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतः भरता येईल की नाही, हे त्याच्या हुशारीवर ठरत नाही. संकेतस्थळ कसे बांधले आहे, त्यावर ठरते. सेवा केंद्रातून भरून घे, असे सांगणे सोपे आहे. पण मग ओटीपी आणि बँक खात्याचा तपशील परक्याच्या हाती द्यावा लागतो.

अंध व्यक्ती स्क्रीन रीडर वापरतात: संगणकावर मोफत मिळणारे एनव्हीडीए, मोबाइलवर टॉकबॅक. दोन्ही मराठी वाचतात. स्क्रीन रीडरचा आवाज पानामागच्या कोडमधला मजकूर वाचतो. ‘अर्ज सादर करा’ हे शब्द तिथे असतील, तर ऐकू येतात. त्याजागी नुसते बाणाचे चित्र असेल आणि त्याला पर्यायी मजकूर जोडलेला नसेल, तर कानावर फक्त ‘बटण’ पडते. कसले, ते कळायला मार्ग नाही. वेड्यावाकड्या अक्षरांचा कॅप्चा आला की काम तिथेच अडते.

मराठीचे आणखी एक दुखणे आहे. शासन निर्णयाच्या, म्हणजे जीआरच्या, कागदावर सही-शिक्का होतो, तो कागद स्कॅन होतो आणि पीडीएफ चढवली जाते. आपल्याला तो मजकूर दिसतो; यंत्रासाठी तो निव्वळ फोटो असतो. युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या फाइलींत तर मराठी अक्षरामागे भलत्याच अक्षराचा संकेत असतो, म्हणून आवाज निरर्थक बडबडतो. मूळ युनिकोड फाइलचीच पीडीएफ केली, तर हे बरेचसे टळते. त्याला जादा पैसा लागत नाही, म्हणून ही हयगय अक्षम्य वाटते.

कर्णबधिरांना व्हिडिओखाली मजकूर हवा, माउस धरता न येणाऱ्यांना कीबोर्डवर चालणारे पान हवे. ई-केवायसीसाठी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्यासाठी, डोळे मिचकावण्याची अट अंधांना आणि ॲसिडहल्ल्यात डोळे गमावलेल्यांना बाहेर ठेवते, ही तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि २० निर्देश दिले.

शाळा, ग्रामपंचायत, पतसंस्था यांची संकेतस्थळे सांभाळणाऱ्यांनी एकदा माउस बाजूला ठेवावा, पडदा बंद करावा आणि एनव्हीडीएच्या आवाजावर आपलाच अर्ज भरून पाहावा. जिथे अडाल, ती जागा आधी दुरुस्त करा.