पुतण्या, भाचा आणि हरवलेलं लिबरेटर

२५ जानेवारी १९४४. चीनच्या युन्नान प्रांतातल्या कुनमिंगहून एक अमेरिकन बॉम्बर आसामातल्या चबुआच्या धावपट्टीकडे निघालं. विमान बी-२४ लिबरेटर, मॉडेल जे, अनुक्रमांक ४२-७३३०८. वैमानिकांनी त्याचं बारसं केलं होतं 'हॉट ॲज हेल'. नाकावर रंगवायच्या अशा नावांची तेव्हा चालच होती. आत आठ जण होते. वैमानिक विल्यम स्वॉन्सन, नेव्हिगेटर अर्विन झेट्झ, आणि त्यांच्यासोबत शेल्डन चेंबर्स, रॉबर्ट ऑक्सफर्ड, हॅरी क्वीन, चार्ल्स गिन, जेम्स हिन्सन, आल्फ्रेड गेरान्स. सगळे विशी-तिशीतले.

चबुआला ते पोचलं नाही. शोध घेतला गेला. काहीही सापडलं नाही.

बॉम्बर म्हटलं की डोळ्यांपुढे शत्रूची शहरं आणि विमानविरोधी तोफांचा धूर येतो. पण 'हॉट ॲज हेल' त्या दिवशी बॉम्ब टाकायला निघालं नव्हतं. १९४२च्या एप्रिलअखेर जपान्यांनी ब्रह्मदेशातलं लाशिओ घेतलं आणि चीनला रसद पोचवणारा बर्मा रोड बंद पडला. उरली ती फक्त हवाई वाट, हिमालयाच्या पूर्व टोकावरून. वैमानिक तिला 'हंप' म्हणायचे, म्हणजे उंटाच्या पाठीवरचा उंचवटा. चीनमध्ये तळ ठोकलेल्या जनरल शेनॉल्ट यांच्या चौदाव्या एअर फोर्सला पेट्रोल, बॉम्ब, सुटे भाग, सगळं याच वाटेने आणावं लागे. ३०८वा बॉम्बार्डमेंट ग्रुप हा तिथला जड बॉम्बर्सचा ताफा आणि 'हॉट ॲज हेल' त्यातलंच. या ताफ्याला आपली रसद आपल्याच विमानांतून वाहून आणावी लागे. एका हल्ल्याची तयारी करायची तर आधी हिमालयावरून कित्येक खेपा. घरचं धान्य डोक्यावर वाहून आणायचं आणि मग लढाईला जायचं, असा हा प्रकार. झेट्झ आणि त्याचे सोबती त्या दिवशी अशाच खेपेवर होते.

हंपवरून युद्धकाळात साधारण साडेसहा लाख टन माल गेला. त्यासाठी सुमारे सहाशे विमानं आणि दीड हजारांहून जास्त माणसं खर्ची पडली. बाराशेच्या आसपास माणसं वाचली, कुणी पॅराशूटने उतरून चालत बाहेर पडली, कुणाला डोंगरातल्या लोकांनी आणून सोडलं. लिबरेटरचा तर या हवेशी उभा दावा होता. त्याचे पंख लांब आणि अरुंद. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११० फूट. या पंखांमुळे विमानाला वेग आणि पल्ला मिळे, पण त्यांच्यावर बर्फ साचलं की विमान सांभाळणं कठीण होऊन बसे. हंपवर बर्फ होतं, ताशी शंभर मैलांहून जोराचे वारे होते आणि नकाशे कच्चे होते.

हरवलेल्या विमानामागे एक कागद राहतो. अमेरिकन लष्करी हवाई दलात १९४३पासून बेपत्ता वैमानिकपथकाचा अहवाल भरण्याची पद्धत होती. माणूस बेपत्ता जाहीर झाल्यापासून ४८ तासांत तो तीन प्रतींत भरायचा. त्यात सगळ्यांची नावं, हुद्दे, क्रमांक, जवळच्या नातेवाइकाचा पत्ता, शेवटचं कधी आणि कुठे दिसलं, हवा कशी होती, हे तर असायचंच. पण त्याखेरीज विमानाचा अनुक्रमांक, चारही इंजिनांचे क्रमांक आणि विमानावरच्या मशीनगन्सचे क्रमांकही लिहून ठेवायचे. तो फॉर्म भरणाऱ्या कारकुनाने पुढच्या पन्नास-साठ वर्षांचा विचार केला नसेल. पण जंगलात शेवाळ चढलेल्या धातूच्या तुकड्यावर एखादा आकडा दिसतो तेव्हा त्या तुकड्याला नाव देतो तो हाच फॉर्म.

शेपटीवरचा आकडा वाचायचीही एक खूण आहे. तिथे सालाचा पहिला अंक गाळतात आणि मधली रेघ काढून टाकतात. म्हणून ४२-७३३०८ हे विमान शेपटीवर २७३३०८ होतं. हे ठाऊक नसलेला माणूस अभिलेखागारात महिनोन् महिने चुकीचं विमान शोधत बसतो.

कागदांवरही संकटं आली. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइसच्या लष्करी सेवा-अभिलेखागारात आग लागली आणि १९१२ ते १९६० या काळात सेवेतून मोकळ्या झालेल्या लष्करी माणसांच्या सुमारे ८० टक्के फायली जळून गेल्या. आजोबांची नोकरी कुठे कुठे झाली हे शोधणाऱ्या अमेरिकन घरांना आजही त्या राखेशी तोंड द्यावं लागतं. मृत सैनिकांच्या वैयक्तिक फायली मात्र त्या आगीतून वाचल्या. दाताच्या नोंदी, उंची, घरच्यांशी झालेला पत्रव्यवहार, सगळं त्यांत असतं. आईने वर्षानुवर्षं पाठवलेली पत्रं आणि खात्याची तीच ती उत्तरं त्या फायलींत एकाखाली एक लावलेली सापडतात. संशोधकाला त्यांत तारखा मिळतात. घरच्यांना त्यांत आजी भेटते.

आठ जणांना मृत घोषित केलं गेलं. या भागात नाहीशा झालेल्यांची नावं फिलिपाइन्समध्ये मनिलाच्या अमेरिकन दफनभूमीतल्या भिंतींवर कोरली आहेत. अशी छत्तीस हजारांहून जास्त नावं तिथे आहेत. प्रेत नाही, थडगं नाही, दगडात फक्त नाव.

डोंगरातल्या लोकांसाठी मात्र हे विमान कधी हरवलंच नव्हतं. अरुणाचल प्रदेशातल्या अप्पर सियांग जिल्ह्यात दामरोह नावाचं आदी जमातीचं गाव आहे. त्याच्या वरच्या, सरळ चढाच्या रानात शिकारीला जाणाऱ्यांना अशा ढिगाऱ्यांच्या जागा माहीत असतात. अरुणाचलच्या डोंगरांत पडलेल्या विमानांच्या पत्र्याची भांडी झाली, अवजारं झाली, काही पत्रा भंगारात गेला. यात नवल नाही आणि दोषही नाही. ज्या गावाला लोखंड पाठीवर वाहून आणावं लागतं तिथे आकाशातून पडलेलं ॲल्युमिनियम कोण टाकून देईल? फॉर्म वॉशिंग्टनजवळ पडून होता, जागा दामरोहच्या माणसांच्या डोक्यात होती. दोघांची गाठ पडायला बासष्ट वर्षं लागली.

ती गाठ घातली क्लेटन कुल्स या ॲरिझोनाच्या व्यावसायिकाने. गिर्यारोहणाची आवड असलेला हा माणूस स्वतःच्या खिशातून पैसे घालून ब्रह्मदेश आणि ईशान्य भारतातल्या रानात हंपची विमानं शोधत असतो. गावात जायचं, म्हाताऱ्यांना आणि शिकाऱ्यांना विचारायचं, त्यांच्यामागून चढायचं, आकडे टिपायचे, फोटो काढायचे आणि ते घरी नेऊन अहवालांशी ताडून पाहायचे, ही त्याची रीत. २००६च्या डिसेंबरात दामरोहच्या वाटाड्यांनी त्याला एका ढिगाऱ्यापाशी नेलं. 'हॉट ॲज हेल' सापडलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. खरं तर इथून ती अवघड झाली. अर्विन झेट्झचा पुतण्या या कामाच्या मागे लागला. ज्या काकाला त्याने कधी पाहिलं नव्हतं त्याच्यासाठी त्याने खासदारांना लिहिलं, संरक्षण खात्याला लिहिलं, भारताच्या सरकारदरबारी लिहिलं, आणि अरुणाचलात हरवलेल्या इतरांच्या घरांना एकत्र आणलं. अमेरिकन पथकं जागा पाहून गेली, पण उत्खनन लांबत राहिलं. अरुणाचलवर चीन दावा सांगतो. अशा सीमाभागात परदेशी लष्कराच्या माणसांनी महिनोन् महिने खोदकाम करायचं म्हणजे तीन देशांच्या नाजूक नाडीवर बोट. दिल्लीची अडचण समजण्याजोगी होती. तरीही नव्वदीला टेकलेल्या भावाबहिणींच्या बाजूने पाहिलं तर जाणारं प्रत्येक वर्ष हे एक साक्षीदार आणि एक रक्ताचा नमुना कायमचा घेऊन जात होतं, आणि या बाजूचं वजन जास्त होतं असंच म्हणावं लागेल.

२०१५च्या पावसाळ्याअखेरीस अमेरिकेच्या बेपत्ता सैनिक शोधणाऱ्या संस्थेचं पथक अखेर डोंगरावर चढलं आणि नोव्हेंबरपर्यंत राबलं. हे काम पुरातत्त्वाच्या शिस्तीने चालतं. जागेवर दोरीने चौकोन आखायचे, एकेका चौकोनातली माती उचलायची, पाव इंची जाळीतून चाळायची. दात, बोटाचं हाड, बटण, बक्कल, ओळखपट्टी, जे हाती लागेल ते चौकोनाच्या क्रमांकासह नोंदवायचं. सपाट मैदानावरही हे कंबर मोडणारं काम. इथे तर उतारावर उभं राहायलाच दोरी लागे.

१३ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीत, अमेरिकेचे संरक्षणमंत्री ॲश कार्टर यांच्या उपस्थितीत, अवशेष मायदेशी रवाना झाले. त्यांत आणखी एका अपघाताचे अवशेष होते. १७ जुलै १९४५ रोजी जोरहाटहून चीनकडे निघालेलं सी-१०९ विमानही या डोंगरांत पडलं होतं. सी-१०९ म्हणजे दुसरंतिसरं काही नसून पेट्रोलचा टँकर केलेलं लिबरेटरच.

प्रयोगशाळेत मग एक निराळाच शोध सुरू होतो, आणि मराठी वाचकाला तो चटकन कळावा. इंग्रजीत भावाचा मुलगा आणि बहिणीचा मुलगा यांना शब्द एकच. आपल्याकडे एक पुतण्या आणि दुसरा भाचा. प्रयोगशाळेलाही हाच फरक लागतो. सत्तर वर्षं ओल्या मातीत राहिलेल्या हाडात पेशीच्या केंद्रातला डीएनए बहुधा मोडून गेलेला असतो. मायटोकॉन्ड्रियातला डीएनए मात्र एकेका पेशीत शेकड्यांनी प्रती असल्यामुळे टिकण्याची शक्यता जास्त. आणि हा डीएनए फक्त आईकडून येतो. म्हणून मृताची बहीण, तिचा मुलगा, तिची मुलगी, त्या मुलीची मुलं, यांचा नमुना जुळतो. भावाच्या मुलाचा जुळत नाही, कारण त्याच्यात तो त्याच्या आईचा, म्हणजे दुसऱ्याच घरचा. पुतण्याकडून पुरुषी वाय गुणसूत्राचा धागा मिळू शकतो, पण त्यासाठी हाडात केंद्रातला डीएनए शिल्लक हवा. अशा वेळी वर्षानुवर्षं पत्रं लिहिणारा पुतण्या हात चोळत बसतो आणि दूरच्या गावातल्या, काकाचं नावही न ऐकलेल्या, काकाच्या मावसबहिणीच्या मुलीच्या मुलाला शोधत फिरावं लागतं. वंशावळी लिहिताना बायकांची माहेरं आणि मुलींची सासरं गाळणारी सगळीच घरं इथे अडतात, अमेरिकेतली काय आणि आपली काय.

२०१७ साली ओळख पटली ती रॉबर्ट ऑक्सफर्डची. जॉर्जिया राज्यातल्या कॉनकर्ड नावाच्या लहानशा गावचा, मृत्यूच्या वेळी २४ वर्षांचा. ११ जून २०१७ रोजी लष्करी इतमामाने गावात त्याचा दफनविधी झाला. मनिलाच्या भिंतीवर अशा माणसाच्या नावापुढे एक छोटं धातूचं फूल बसवतात. हा सापडला, असं ते फूल सांगतं.

ज्या पुतण्याने हे सारं हलवलं त्याच्या काकाच्या वाट्याला त्या वर्षी ते फूल आलं नाही. दुसऱ्या कुणाचा तरी मामा, कुणाचा तरी काका घरी आला.

लिबरेटर आणि आपला संबंध याहून जवळचा आहे. युद्धानंतर कानपूरला अशी कितीतरी विमानं मोडून टाकण्यासाठी सोडून दिली होती. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्यांतली चाळीसहून जास्त पुन्हा उडती केली आणि भारताचं पहिलं जड बॉम्बर दल उभं राहिलं. सहाव्या स्क्वाड्रनची लिबरेटर्स पुण्याहून अरबी समुद्रावर टेहळणीला जात. १९६८ साली भारताने ती निवृत्त केली तेव्हा जगातल्या कुठल्याच हवाई दलात लढाऊ सेवेतलं लिबरेटर उरलं नव्हतं. त्यांतलंच एक भारताने १९७४ साली ब्रिटनला भेट दिलं आणि ते रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात गेलं.  

अरुणाचलातल्या पासीघाटला २९ नोव्हेंबर २०२३ रोजी हंपचं संग्रहालय उघडलं. डोंगरातून उतरवून आणलेले विमानांचे भाग तिथे मांडले आहेत. भारतात बेपत्ता असलेल्या अमेरिकनांची संख्या अजून चारशेच्या घरात धरली जाते.

आपल्या घरांतूनही पहिल्या-दुसऱ्या महायुद्धात माणसं गेली. साताऱ्याच्या, रत्नागिरीच्या, कोल्हापूरच्या गावागावांतून गेली. इराक, इटली, ब्रह्मदेश, मलाया इथे गेली आणि काहींचं पुढे काहीच कळलं नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी नाव घालून कुणालाही विनामूल्य पाहता येते. पण एका आडनावाची चाळीस माणसं निघतात तिथे नुसत्या नावाने भागत नाही. लागतो तो शिपाई क्रमांक आणि पलटणीचं नाव. ते सहसा ट्रंकेच्या तळाशी असतं, पदकाच्या कडेवर कोरलेलं, पेन्शनच्या कागदावर, फोटोच्या मागे. या दिवाळीत घरातली मोठी माणसं एकत्र येतील तेव्हा ती ट्रंक उघडा, क्रमांक लिहून काढा आणि फोटोतल्या प्रत्येकाचं नाव त्यांच्याकडून विचारून घ्या. आणि वंशावळ लिहायला बसाल तेव्हा आत्या, मावश्या आणि त्यांच्या मुलींची नावंही त्यात घाला.