गाडी उभी राहिली की एसी का गरम होतो?



बंदीचे ६१ दिवस संपत आले. १ ऑगस्टला पुन्हा दर्यात उतरायचं म्हणून जाळी दुरुस्त झाली, इंजिनाचं ऑइल बदललं, बोटीला रंग लागला. पण मासळी वाहणारी पिकअप आणि घरची गाडी? ती बिचारी जेटीच्या खाऱ्या वाऱ्यात तशीच उभी. म्हणून आज थोडं गाडीच्या एसीबद्दल.

गेल्या ऑक्टोबरची गोष्ट. वडिलांना डॉक्टरकडे दाखवून परत येताना जेटीवर थोडं काम होतं. बर्फाच्या ट्रकांनी रस्ता अडवलेला, अर्धा तास गाडी जागेवरच. हायवेवर गारेगार हवा देणारा एसी पाच मिनिटांत गरम हवा फेकू लागला. वडील घामाने ओलेचिंब झाले, त्यांना चक्कर आली. उतरवून लिलावाच्या शेडमध्ये सावलीत बसवलं, एका ट्रॉलरवाल्याने बर्फाच्या पाण्यात फडकं भिजवून मानेवर ठेवलं, तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं. त्याआधी मी दोनदा गॅरेजात गॅस भरून घेतला होता. दोन्ही वेळा पैसे गेले, दोष तिथेच. शेवटी निघालं काय, तर पंख्याच्या वायरचा कनेक्टर खाऱ्या हवेने हिरवा पडलेला!

असं का होतं?

एसीचा कॉम्प्रेसर गॅस दाबतो, तेव्हा तो खूप तापतो. तो थंड होतो कंडेन्सरमध्ये, म्हणजे रेडिएटरच्या पुढे जी बारीक जाळी दिसते तिच्यात. गाडी धावत असली की वाऱ्यानेच काम होतं. उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. पंखा बंद, मंद किंवा जाळी मातीने भरलेली असेल तर गॅस थंड होत नाही. म्हणून 'धावताना थंड, थांबल्यावर गरम' असं असेल तर पहिला संशय पंख्यावर घ्या, गॅसवर नंतर.

घरच्या घरी काय बघाल?

१. इंजिन आणि एसी चालू करून पुढून बघा. पंखा जोरात फिरतो का? नसेल तर इंजिन बंद करून फ्यूज, रिले, कनेक्टर तपासा. हात मात्र जपून, गरम इंजिनात काही गाड्यांचा पंखा आपोआप सुरू होतो. फिरतो पण हळू, तर मोटरचे कार्बन झिजलेले असू शकतात.

२. गाडी उभी, एसी फुल. बागेच्या नळीने पुढच्या जाळीवर हलकं गोडं पाणी सोडा. दोन-तीन मिनिटांत थंडावा परत आला तर समजा, कंडेन्सरला हवा कमी पडते.

३. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. ॲक्सिलरेटर दाबून १५०० आरपीएमवर दोन मिनिटं ठेवा. लगेच थंड झालं तर कॉम्प्रेसर थकलाय, बेल्ट घसरतोय किंवा गॅस कमी आहे. ज्या पिकअपचा पंखा बेल्टवर फिरतो, तिथे पंख्याचा क्लचही बघायला सांगा, कारण इंजिन वाढलं की तोही जोरात फिरतो.

४. हवाच कमी येत असेल तर केबिन फिल्टर काढून बघा. जेटीवरच्या गाड्यांत तो धुळीने लवकर चोंदतो.

गॅसबद्दल एक गोष्ट

एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, तो बंद चक्रात फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. आपल्याकडे मीठ कंडेन्सरची जाळी आणि पाइप खातं. म्हणून मेकॅनिकला आधी गळती शोधायला सांगा, मग व्हॅक्यूम करून वजनाने गॅस भरा. किती ग्रॅम लागतो ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. 'थोडा जास्त भरतो' म्हणाला तर नको म्हणा. जास्त गॅसने दाब वाढतो आणि उभ्या गाडीत एसी आणखीच बिघडतो. पाइपचं बूच स्वतः उघडू नका, त्या गॅसने कातडी गोठते.

जेटीवरून घरी आलात की आठवड्यातून एकदा कंडेन्सरवर गोडं पाणी मारा. धार हलकी ठेवा. प्रेशर पंपाने पाती वाकतात, मग हवाच जात नाही.

रीफर गाडीवाल्यांनो

लहान रीफरचा कॉम्प्रेसर बहुधा गाडीच्याच इंजिनावर चालतो, म्हणून रांगेत उभं राहिल्यावर तिथेही हीच रड. पेटीवर भरवसा ठेवून बर्फ कमी करू नका. मासळीला बर्फ एकास एक हवाच. बांगड्यासारख्या मासळीत उष्णतेने हिस्टामाइन तयार झालं की नंतर बर्फात घालून किंवा शिजवून ते जात नाही. खाणाऱ्याला त्रास होतो आणि लिलावात आपलं नाव जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं

बोटीची वाट बघत रात्री काचा लावून, इंजिन आणि एसी चालू ठेवून गाडीत झोपू नका. खाऱ्या हवेत सायलेन्सर सडतो, भोकं पडतात. त्यातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतच जातो. हवेचं बटण आत-बाहेर केल्याने यापासून सुटका नाही. झोपायचंच तर इंजिन बंद, काचा उघड्या, नाहीतर शेडमध्ये चटई टाका.

१ तारखेआधी एक सकाळ गाडीला द्या. आणि हे आपल्या ड्रायव्हरला वाचून दाखवा, रात्री जेटीवर तोच थांबतो.

— तुमचा सेक्रेटरी