सातबाऱ्यावरून गेलेली रेल्वे

मुंबईहून कोकणात उतरताना आधी करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. रत्नागिरी सोडली की पानवल नदीवरचा पूल येतो, खाली ६४ मीटर खोल दरी. कोकण रेल्वेचं कौतुक बहुधा इथेच थांबतं. मला त्याहून थक्क करते ती वेगळीच गोष्ट. या मार्गासाठी ४२ हजारांहून जास्त मालकांची जमीन घ्यायची होती, आणि ते काम साधारण वर्षभरात उरकलं!

कोकणातला सातबारा ज्याने हाताळलाय, त्याला हे खरं वाटणार नाही. चार गुंठ्यांच्या तुकड्यावर वीस नावं. मयत चुलत्याचं नाव अजून कमी झालेलं नसतं, एक भाऊ गिरगावात, बहिणीने हक्क सोडलाय की नाही हे कुणालाच धड ठाऊक नसतं. त्यात आजोबांनी लावलेली हापूसची कलमं, विहीर, घरामागचा देव. मोबदला कशाकशाचा लावायचा?

१९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन प्रमुख झाले. भूसंपादनाच्या कायद्याचा बडगा हाताशी होताच. तरी लोकांशी बोलणं झालं, रेल्वे कशासाठी हवी हे त्यांना पटलं, आणि पिढ्यानपिढ्यांच्या जमिनी अनेकांनी आपणहून दिल्या. नाथ पै, मधू दंडवते यांनी ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली होती, त्यामुळे गावोगावी आस होतीच. पण आस असली तरी उंबऱ्यावर आलेला साहेब उर्मट निघाला तर ती विरायला कितीसा वेळ लागतो?

लोकांशी नीट बोलण्याच्या या कसबाला व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात सॉफ्ट स्किल्स म्हणतात आणि बऱ्याचदा शेवटच्या तासाला उरकतात. इथे त्याचा थेट हिशेब होता. भांडवलाचा मोठा भाग रोखे विकून उभा केलेला. जमीन अडली की यंत्रं उभी राहणार, व्याज मात्र चालूच. मार्गाचे सात भाग पाडून प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमला, म्हणजे गावकऱ्याला जबाबदार माणूस जवळ सापडणार. मला ही मांडणी पुलाच्या आराखड्याइतकीच देखणी वाटते.

गोव्यात गाडं अडलं. मार्गाच्या आखणीवरून आंदोलन पेटलं, प्रकरण कोर्टात गेलं, १९९३ मध्ये काही काळ काम थांबवून चौकशी नेमावी लागली. विरोध करणाऱ्यांना विकासाचे शत्रू म्हणणं सोपं होतं, पण त्यांची काळजी रास्त होती. खाजण शेतीत भरती-ओहोटीचं पाणी मानशीच्या दारांतून आत-बाहेर होतं, बांध गावकरी राखतात. मध्ये रेल्वेचा भराव आडवा आला, तर पावसाळ्यात ते पाणी कुठून निघणार? हे मोजणीच्या नकाशावर दिसत नाही. ते बांधावरच्या शेतकऱ्याला ठाऊक असतं, आणि त्याला विचारायची वेळ आखणी पक्की होण्याआधीची असते.