थायलंडमधील सण : जल, दीप आणि दान

थायलंडला जाणारा आपल्याकडील यात्रेकरू बहुधा भव्य विहार आणि सुवर्णमूर्ती पाहून परततो. परंतु तेथील धम्मजीवन समजून घ्यावयाचे असेल, तर सणाच्या दिवशी एखाद्या विहारात शांतपणे बसावे. तेथील सण ऋतू आणि पौर्णिमा यांच्याशी जोडलेले आहेत.

भर उन्हाळ्यात, १३ ते १५ एप्रिलला, 'सोंगक्रान' येतो. हा शब्द 'संक्रांती'चेच थाई रूप होय. १९४१ पासून तेथील नववर्ष १ जानेवारीला सुरू होत असले, तरी पारंपरिक नववर्ष हेच. रस्त्यांवरील जलक्रीडा जगप्रसिद्ध आहे. तिचा गाभा मात्र शांत आहे. सकाळी भिक्षूंना भोजनदान, बुद्धमूर्तीवर सुगंधी जलाचा अभिषेक आणि नंतर वडीलधाऱ्यांच्या तळहातांवर जल ओतून आशीर्वादाची याचना, असा हा क्रम. २०२३ मध्ये युनेस्कोने या सणाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आपण बाबासाहेबांची जयंती साजरी करतो, तो १४ एप्रिल तेथे कुटुंबदिन असतो.

आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी वर्षावास सुरू होतो. उबोन रातचथानी येथे मेणाच्या प्रचंड, कोरीव मेणबत्त्यांची मिरवणूक निघते. वीज नव्हती तेव्हा भिक्षूंना वर्षावासात पठण व अध्ययनासाठी प्रकाश मिळावा म्हणून उपासक मेणबत्त्या दान करीत. त्या दानाचे हे विस्तारलेले रूप. या काळात अनेक तरुण अल्पकाळासाठी प्रव्रज्या घेतात. आपल्याकडील श्रामणेर शिबिरांची येथे सहज आठवण होते. वर्षावास संपल्यावर महिनाभरात कठिन चीवरदान होते. एका विहारात ते वर्षातून एकदाच करता येते.

बहुधा नोव्हेंबरात येणाऱ्या पौर्णिमेला 'लॉय क्राथोंग'. केळीच्या खोडाचा व पानांचा द्रोण, त्यात फुले, उदबत्ती आणि दीप ठेवून तो पाण्यात सोडतात. वर्षभर वापरलेल्या, मलिन केलेल्या पाण्याची ही क्षमायाचना होय. म्हणूनच कृत्रिम फेसाचे द्रोण टाळण्याचे आवाहन तेथे केले जाते. क्षमा मागताना पुन्हा तोच अपराध कसा करावा?

पाहुण्याने खांदे व गुडघे झाकणारी वस्त्रे ल्यावीत, पादत्राणे बाहेर ठेवावीत, बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नये. स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श करू नये. पौर्णिमेच्या सायंकाळी फुले, उदबत्ती व मेणबत्ती हाती घेऊन होणाऱ्या तीन प्रदक्षिणांत कोणालाही सामील होता येते.

आपल्या धम्मसणांची परंपरा १९५६ नंतर घडू लागली आणि अजूनही घडत आहे. जल्लोष तेथेही आहे, येथेही आहे. परंतु तेथे त्याआधीची सकाळ दानाची आणि वंदनेची असते. येत्या १४ एप्रिलला मिरवणुकीस निघण्यापूर्वी आपल्या मुलांनी घरातील आजी-आजोबांच्या हातांवर ओंजळभर पाणी घातले, तर तो दिवस अधिक आपला होईल.