बिलच नसेल तर मोजायचं काय? लाकडावर तापणाऱ्या घराचं एनर्जी ऑडिट

घराचं एनर्जी ऑडिट करायचं म्हटलं की पहिली मागणी असते मागच्या वर्षभराच्या बिलांची. वीज किती, गॅस किती, कुठल्या महिन्यात किती. तिथून पुढचा हिशोब सुरू होतो.

आता अमेरिकेतल्या वर्माँट राज्यातलं एक घर डोळ्यांसमोर आणा. बाहेर बर्फ, आणि घर तापवायला लाकडाची एक बंद लोखंडी शेगडी. बिल मागितलं तर घरमालक अंगणातल्या रचलेल्या लाकडांकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, ‘हिवाळ्याला चार कॉर्ड लागतात.’ हाच तुमचा सगळा डेटा! संशोधनाच्या तयारीत असाल तर हे उदाहरण नीट बघा. तुमचा विषय वेगळा असला तरी अडचण हीच येणार आहे: जे मोजायचंय त्याला मीटर नाही.

‘चार कॉर्ड’ म्हणजे किती?

कॉर्ड म्हणजे 4 फूट उंच, 4 फूट रुंद, 8 फूट लांब अशी रचलेली लाकडं, म्हणजे 128 घनफूट. पण यात लाकडांमधली हवाही आली. कोण कसं रचतो, त्यावर आतलं खरं लाकूड कमी-जास्त होतं. म्हणून आकारमान सोडा, वजन घ्या.

वजनातही एक खोच आहे, ती म्हणजे ओलावा. एकूण वजनात 20 टक्के पाणी असलेल्या एक किलो लाकडातून साधारण 4 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता मिळते. ताज्या तोडलेल्या, 50 टक्के पाणी असलेल्या लाकडातून जेमतेम 2.2. वजन तेच, उष्णता जवळपास निम्मी. शिवाय बाजारातले ओलावा-मापक बहुधा पाण्याची तुलना कोरड्या लाकडाच्या वजनाशी करतात. एकूण वजनाच्या 20 टक्के पाणी असेल तर ते 25 दाखवतात. टक्केवारी कशाची आहे हे न विचारता आकडा वहीत उतरवलात, तर चूक शेवटपर्यंत सोबत येते.

मग करायचं काय? लाकडाच्या पेटीशेजारी ताणकाटा टांगायचा, शेगडीत टाकलेलं प्रत्येक लाकूड तोलून नोंदवायचं, निदान दोन आठवडे. आपल्याकडे चुलींवर काम करणारे संशोधकही हेच करतात: आज सरपण तोलून द्यायचं, उद्या उरलेलं तोलायचं.

आता गणित. समजा दिवसाला 40 किलो लाकूड जळलं, म्हणजे 160 युनिट. शेगडीची कार्यक्षमता 70 टक्के धरली तर घराला 112 युनिट मिळाले. आत-बाहेरचा सरासरी फरक 28 अंश असेल, तर दर अंशामागे दिवसाला 4 युनिट. पण शेगडी जुनी असून कार्यक्षमता 55 टक्केच असेल तर? उत्तर 3.1 येतं. घर तेच, लाकूड तेच, फक्त एक गृहीतक बदललं आणि उत्तराचा पाचवा हिस्सा उडाला. म्हणून गृहीतक लपवू नका, दोन्ही टोकांची उत्तरं द्या.

पंखा लावण्याआधी राख काढा

ऑडिटमधली मुख्य चाचणी म्हणजे ब्लोअर डोअर. दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढतात, आतला दाब बाहेरच्यापेक्षा 50 पास्कलने कमी होईपर्यंत. तेवढा दाब टिकवायला पंख्याला तासाला 4000 घनमीटर हवा ओढावी लागली आणि घराचं आकारमान 400 घनमीटर असेल, तर हवा तासाला 10 वेळा बदलते. म्हणजे घर बरंच फटींचं आहे.

पण या घरातलं सगळ्यात मोठं भोक म्हणजे धुराडं! पंखा सुरू झाला की बाहेरची हवा तिथूनही आत येते. मी पहिल्यांदा अशा चाचणीला गेले तेव्हा राख काढून ठेवायला सांगायचं विसरले. बैठकीच्या खोलीत राखेचा धुरळा, आणि पुढचा अर्धा दिवस झाडण्यात. हे हसण्यावारी गेलं, पण आत विस्तव असता तर धूर आणि कार्बन मोनॉक्साइड घरात आला असता. त्यामुळे आग आदल्या दिवसापासून बंद, राख काढलेली, झडप लावलेली, हे आधी तपासायचं.

इथे एक गंमतशीर पेच येतो. फटी दाखवणाऱ्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याला आत-बाहेर साधारण 10 अंशांचा फरक लागतो. आग विझवली तर घर गार पडतं. पेटती ठेवली तर शेगडीमागची भिंत बाहेरून लालभडक दिसते आणि तिथलं इन्सुलेशन वाईट आहे असं वाटतं. एका चाचणीची अट दुसरीच्या मुळावर! यातून वाट म्हणजे रात्रभर विजेच्या हीटरने घर गरम ठेवणं. तुमच्या प्रयोगातही दोन पद्धती असतील तर त्या एकमेकींच्या आड येतात का, हे आधीच कागदावर तपासा.

माणसं मॉडेलमध्ये बसत नाहीत

1970च्या दशकात प्रिन्स्टनच्या संशोधकांनी न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीत घरं तपासली. एकसारख्या घरांमध्येही इंधनाच्या वापरात दुपटीचा फरक निघाला. 2012 मध्ये मिना सुनिक्का-ब्लँक आणि रे गॅल्विन यांनी जर्मन घरांबद्दल दाखवलं की प्रत्यक्ष वापर गणितातल्या अंदाजापेक्षा सरासरी 30 टक्क्यांनी कमी असतो. खर्चिक घरात माणसं आधीच काटकसर करत असतात. लाकडाच्या घरात हे स्पष्ट दिसतं: शेगडीची खोली 24 अंश, मागची झोपायची खोली 12. मॉडेल मात्र सगळं घर 20 अंश धरतं आणि न होणारी बचत कबूल करून बसतं. म्हणून प्रत्येक खोलीत तापमान नोंदवणारं यंत्र ठेवा, शेगडीपासून लांब.

शेवटचं, पण विसरू नये असं

फटी बुजवा, हा ऑडिटचा नेहमीचा सल्ला. पण शेगडीला जळायला हवा लागते. घर घट्ट केलं आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावला, तर धूर उलटा फिरू शकतो. सगळ्यात नाजूक वेळ रात्रीची: निखारे उरलेले, धुराड्याची ओढ मंदावलेली, माणसं झोपलेली. म्हणून फटी बुजवल्यावर सगळे एक्झॉस्ट एकदम लावून दाब पुन्हा मोजतात, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवल्याशिवाय निघत नाहीत. आपला निष्कर्ष कुणीतरी अमलात आणणार आहे, हे लक्षात असू द्या.

प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा एका कोऱ्या पानावर तीन ओळी लिहा: मला काय मोजायचंय, त्याऐवजी मी प्रत्यक्षात काय मोजतोय, आणि मधल्या दरीत कोणती गृहीतकं आहेत. तिसरी ओळ लांबली तर घाबरू नका. तुमचं काम तिथूनच सुरू होतं.